सेकंड हँड अबार्थ पुंटो घेताना: डिसेंबर ते जुलै, कुडाळ ते पुणे

९ जुलैला पोस्टमन दुकानात आला, स्पीड पोस्टचं पाकीट दिलं, सही घेतली आणि गेला. आत आरसीचं कार्ड, त्यावर माझं नाव. गाडी मेच्या शेवटीच घरी आली होती पण खरं सांगायचं तर ते कार्ड हातात येईपर्यंत जिवाला स्वस्थता नव्हती. हे सगळं सुरू केलं तेव्हा मला सांगणारं कोणी नव्हतं, जे होते ते एकतर "एजंटला दे आणि मोकळी हो" म्हणणारे नाहीतर "असली गाडी घेऊच नको" म्हणणारे. म्हणून सगळं तारखांसकट लिहून ठेवतेय, कोणाला तरी उपयोगी पडेल.

माझं कुडाळला मेडिकल स्टोअर आहे. अकरा वर्षं बाबांची वॅगनआर चालवली, गाडीबद्दल काही तक्रार नाही, पण २०१५ मध्ये फियाटची अबार्थ पुंटो भारतात आली तेव्हापासून ती डोक्यात होती. १.४ लिटरचं टी-जेट टर्बो पेट्रोल इंजिन, १४५ बीएचपी, २१२ एनएम, पाच गिअरचा मॅन्युअल बॉक्स, चारही चाकांना डिस्क ब्रेक, आणि हे सगळं आपल्या पुण्याजवळच्या रांजणगावात बनलेलं. तेव्हा एक्स-शोरूम दहा लाखांच्या जवळ होती, माझं दुकान नवीन होतं, विषयच नव्हता. डिसेंबर २०२४ मध्ये एक एफडी मॅच्युअर झाली तेव्हा ठरवलं की आता बघायचीच. बजेट सहा लाख, वर पन्नास हजार दुरुस्तीला बाजूला. हे बाजूला ठेवलेले पन्नास हजार फार कामाला आले, ते पुढे येईलच.

मनात अबार्थ होती तरी डोळे उघडे ठेवायचे म्हणून पोलो जीटी टीएसआय, बलेनो आरएस आणि टियागो जेटीपी यांचाही शोध ठेवला. तिन्ही टर्बो पेट्रोल, तिन्ही शंभराच्या वर पॉवरच्या, आणि सुटे भाग मिळण्याच्या बाबतीत अबार्थपेक्षा नक्कीच सोप्या. ज्यांना रोज लांब जायचंय त्यांनी हे खरंच मनावर घ्या. फियाटच्या गाड्या बीएस ६ च्या प्रदूषण नियमांआधीच बंद झाल्या, त्यामुळे साधा आरसा फुटला तरी फोनाफोनी करावी लागते. मी हे माहीत असून पुढे गेले कारण माझं रोजचं जाणं घर ते दुकान सहा किलोमीटर आहे आणि वॅगनआर विकायची नव्हती.

पहिली गाडी बघितली ११ जानेवारीला, म्हापशाला. जीए पासिंग, किंमत आपल्याकडच्यापेक्षा सत्तर हजारांनी कमी, रंग लाल, मी जवळजवळ भाळलेच होते. पण परराज्यातली गाडी म्हणजे तिथल्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८, मग इकडे नवीन नंबर आणि महाराष्ट्राचा रोड टॅक्स पुन्हा. हिशोब मांडला तर सत्तर हजारांची बचत कुठल्याकुठे जात होती. सावंतवाडी-दोडामार्गकडच्या लोकांना गोव्याच्या गाड्यांचा मोह फार होतो, त्यांनी आधी टॅक्सचा आकडा काढावा आणि मगच गाडी बघायला जावं, गाडी समोर असली की डोकं चालत नाही.

९ फेब्रुवारी, रविवार. चिपळूणच्या बाजूला एक पोलो बघायला गेले, एका विक्रेत्याकडे. गाडी आतून बाहेरून चकाचक, सीट कव्हर नवीन, वासाची बाटली लावलेली. विक्रेत्यानं पहिला प्रश्न विचारला, "मॅडम, साहेब नाही आले?" मी म्हटलं गाडी मी चालवणार आहे. माझ्याबरोबर मामेभाऊ होता, तो डिप्लोमा झालेला आणि एसटीच्या वर्कशॉपमध्ये आहे, त्यानं काही न बोलता ड्रायव्हरचा सीट बेल्ट ओढायला सुरुवात केली. ओढत गेला, ओढत गेला, अगदी शेवटपर्यंत. शेवटच्या वीतभर पट्ट्यावर एक मातकट रेघ होती. वरचा पट्टा काळाभोर, मग ती रेघ, आणि रेघेच्या खाली पट्टा राखाडी झालेला. बोटानं घासलं तर बारीक गाळ हाताला लागला. भावानं माझ्याकडे बघितलं फक्त. २२ जुलै २०२१ ला चिपळूणला वाशिष्ठीचं पाणी शिरलं तेव्हा माणसांचे संसार गेले, हजारोंचं नुकसान झालं, आणि त्या पाण्यात उभ्या असलेल्या गाड्यांपैकी काही अजून धुऊनपुसून बाजारात फिरतायत. गाडी तिथली आहे म्हणजे बुडालेली असं अजिबात नाही, आणि बुडालेली गाडी सांगलीची कोल्हापूरचीही असू शकते. पण सीट बेल्ट पूर्ण ओढून बघायला एक मिनिट लागतं आणि नवीन सीट कव्हर घालणारे बेल्ट बदलत नाहीत. स्टेपनीच्या खड्ड्यातला गाळ, कार्पेटखालचा ओलसर वास, सीटखालच्या वायरींच्या जोडावरचं हिरवं जंग, हेही बघा. परत येताना परशुरामाच्या देवळात थांबलो, मी गप्पच होते, वाईट वाटत होतं.

मार्चमध्ये वेंगुर्ल्याजवळ एक अबार्थ मिळाली, घरापासून पाऊण तासावर. मालक प्रामाणिक माणूस, स्वतःच सांगितलं की गाडी सात वर्षं समुद्रासमोर उघड्यावर उभी होती. वरून काही दिसत नव्हतं पण जॅक लावून खाली बघितलं तर सायलेन्सरचे हँगर कुजलेले, दारांच्या खालच्या कडा फुगलेल्या, ब्रेकच्या पाइपावर पापुद्रे. फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक दाराच्या खालच्या बाजूला लावलं, धरेना, म्हणजे आत पत्रा कमी आणि भरलेली लांबी (पुट्टी) जास्त. खारा वारा गाडीला आतून खातो. आपण कोकणातले लोक घराच्या खिडकीच्या गजांचं जंग रोज बघतो आणि गाडीच्या पोटाखाली मात्र वाकून बघत नाही. त्या दिवशी ठरवलं, गाडी देशावर राहिलेली हवी, पण नंबर आपल्या जिल्ह्याचा असेल तर कागदांसाठी दोन गावं फिरावं लागणार नाही.

आणि तशीच मिळाली. मूळचे कणकवलीचे एक दादा, नोकरी पुण्यात, गाडी २०१६ ची, एमएच ०७ म्हणजे सिंधुदुर्ग पासिंग, पहिलेच मालक, ५८ हजार किलोमीटर, सोसायटीच्या तळघरात उभी. मागणी ६ लाख ४०. फोनवरच मी तीन गोष्टी सांगितल्या: मी येईन त्या सकाळी इंजिन सुरू करून ठेवू नका, सर्व्हिसची सगळी बिलं काढून ठेवा, आणि आरसीचा दोन्ही बाजूंचा फोटो पाठवा. आरसीवरून परिवहनच्या साइटवर आणि महाराष्ट्र ट्रॅफिकच्या ई-चलनाच्या साइटवर बघितलं. सहा चलनं बाकी, चार एक्स्प्रेसवेवरच्या वेगाची, मिळून नऊ हजार. आणि कर्ज फिटलेलं असूनही बँकेचा बोजा आरसीवर तसाच. हे दोन्ही मी त्यांना जायच्या आधीच सांगितलं. असल्या गोष्टी भाव ठरवताना अचानक काढल्या की समोरचा दुखावतो.

१२ एप्रिल, शनिवार. रात्रीच्या बसनं पुण्याला गेले, भाऊ बरोबर, आणि तिथले फियाटच्या गाड्यांचं काम करणारे एक मेकॅनिक काका सकाळी आठला आले, त्यांनी तपासायचे तीन हजार घेतले. या संपूर्ण व्यवहारात सगळ्यात चांगले खर्च झालेले तीन हजार. बॉनेटला हात लावला, गार. स्टार्ट केली, मागे निळा धूर नाही. काकांनी ऑइलचं झाकण काढून आतली बाजू बोटानं पुसून बघितली, टर्बोकडचे पाइप हातानं चाचपले, गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोष वाचणारा ओबीडी स्कॅनर लावला. मग विचारलं, "रिमॅप केलीय का?" दादा म्हणाले नाही, कंपनीची आहे तशीच आहे. रिमॅप म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलून पॉवर वाढवणं. हा प्रश्न असल्या गाड्यांबद्दल विचारायलाच हवा. रिमॅप केलेली गाडी म्हणजे इंजिन आणि क्लच जास्त ताणलेले, आणि इन्शुरन्सला कळवलं नसेल तर क्लेमच्या वेळी अडचण. मग कात्रजच्या दिशेनं चक्कर मारली. तिसऱ्या गिअरमध्ये २००० आरपीएमच्या पुढे काटा गेला आणि गाडीनं जी ओढ घेतली, ती मी इथे लिहू शकत नाही, नऊ वर्षं वाट बघितलेली ओढ होती ती, डोळ्यात पाणी आलं. काका मागे बसून शांतपणे म्हणाले, "ताई, आता ब्रेक मारून बघा."

दोष निघाले ते असे: मागचे दोन टायर २०१८ चे (टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन वर्ष), पुढच्या सस्पेन्शनचे बुश जरा सैल पण लगेच बदलायची गरज नाही, आणि टायमिंग बेल्ट बदलल्याचं बिलच नाही. या इंजिनाला चेन नाही, बेल्ट आहे, तो तुटला तर व्हॉल्व्ह वाकून इंजिनच खोलावं लागू शकतं. काका म्हणाले, बिल नाही म्हणजे बदलला नाही असंच धरायचं. ५ लाख ८५ हजारांवर ठरलं. टोकन दहा हजार ऑनलाइन, आणि पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर साधा करार: चलनं मालक भरणार, एचएसआरपी, म्हणजे नवी सुरक्षित नंबर प्लेट, मालक लावणार, बोजा उतरल्यावरच बाकी रक्कम. ही शेवटची अट सोडू नका, माणूस कितीही चांगला असला तरी.

पुढचे सहा आठवडे नुसती वाट. बँकेनं कर्ज फिटलं तेव्हा दिलेली एनओसी जुनी झाली होती, ती साधारण तीन महिनेच चालते, म्हणून नवीन मागावी लागली, त्यात सोळा दिवस गेले. २०१९ च्या १ एप्रिलच्या आधीची गाडी म्हणून एचएसआरपी नंबर प्लेट सक्तीची, ती नसेल तर आरटीओत ट्रान्सफर आणि बोजाचं काम होत नाही, त्याचं बुकिंग केलं तर तारीख मिळाली ६ मे. खर्च जीएसटी धरून ८७९ रुपये. त्यात आणखी एक गुंता, परिवहनच्या 'वाहन' नावाच्या सिस्टिममध्ये दादांचा जुना मोबाइल नंबर होता, तो बंद झालेला, आणि सगळे ओटीपी त्याच्यावर जाणार. तो आधी बदलून घेतला. तुम्ही गाडी बघायला जाल तेव्हाच मालकाला हे विचारा, "आरसीला जोडलेला नंबर चालू आहे ना?" बोजा उतरवायचा फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी दादांच्या कणकवलीच्या भावानं ओरोसला आरटीओत दिली आणि २० मेला ऑनलाइन बघितलं तर बोजा उतरलेला दिसला. या सगळ्या काळात मला दोनदा वाटलं सोडून द्यावं. रात्री झोप यायची नाही, दहा हजार गेले तर गेले असं वाटायचं. आईनं एकदा विचारलं, "बाय गो, जुन्या गाडयेक इतको वेळ कित्या लागता?" मी तिला सगळे कागद समजावून सांगितले, तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मगे बरा आसा, हळू होवंदे." त्या वाक्यानं मला खूप धीर आला. वाट बघण्याचा एक फायदा करून घेतला, काकांना सांगून टायमिंग बेल्टचा किट आणि वॉटर पंप मागवून ठेवला, तो यायलाही बारा दिवस लागलेच.

२४ मे, चौथा शनिवार, बँका बंद, पण आरटीजीएस चालतं. त्यासाठी नेट बँकिंगची लिमिट आठवडाभर आधी वाढवून घेतली होती. आधी एक रुपया पाठवून खात्री केली, मग बाकीची रक्कम. गाडी नावावर करायचे फॉर्म, म्हणजे फॉर्म २९ च्या दोन प्रती आणि फॉर्म ३०, मग डिलिव्हरी नोट, त्यावर तारीख आणि वेळ दोन्ही: २४ मे, सकाळी ११ वाजून २० मिनिटं. वेळ लिहिणं महत्त्वाचं, त्या क्षणापर्यंतचं चलन त्यांचं, पुढचं माझं. दादांनी दोन्ही चाव्या दिल्या, मग गाडीच्या टपावर एकदा हात ठेवला आणि म्हणाले, "सांभाळा." दुपारी गाडी काकांकडे गेली. रात्री आठपर्यंत बेल्ट, वॉटर पंप, सगळी ऑइलं, मागचे दोन टायर. जुना बेल्ट काकांनी हातात दिला, आतल्या बाजूला बारीक बारीक चिरा. २१ हजार बेल्ट आणि पंपाचे मजुरीसकट, ऑइलं साडेसात हजार, टायर पंधरा हजार.

२५ मेला पहाटे पाचला निघालो. सातारा, कऱ्हाड, कोल्हापूर, निपाणी, आजरा. आजऱ्याच्या पुढे आभाळ भरून आलं आणि आंबोलीत पोचेपर्यंत समोरचं दिसेना. त्याच दिवशी मान्सून देवगडपर्यंत आल्याचं हवामान खात्यानं जाहीर केलं, मे महिन्यात! घाटात कड्यांवरून पाणी रस्त्यावर उतरत होतं, दुसऱ्या गिअरमध्ये, एसी काचेवर, दिवे लावून, वीसच्या स्पीडनं उतरलो. एवढी पॉवर असलेली गाडी आणि मला त्या दिवशी तिचं स्टिअरिंगच आवडलं, जड, पण चाक नेमकं कुठे आहे ते हाताला कळतं. नवीन टायर पुण्यातच घातले याचं समाधान प्रत्येक वळणावर वाटत होतं. सावंतवाडीत चहा, आणि तीनच्या सुमारास घरी. आमच्या घराची वाट चिऱ्यांच्या चढाची, आणि या गाडीचा ग्राउंड क्लिअरन्स १५५ मिलिमीटर, म्हणून आधीच चढाच्या तोंडाशी चार पाट्या खडी टाकून घेतली होती. तिरकी घातली, कुठे लागली नाही.

आईनं आरती आणली, नारळ फोडला आणि तिची नजर बॉनेटवरच्या बिल्ल्यावर गेली. "हो इंचू कित्या?" मी सांगितलं, कंपनी काढणाऱ्या कार्लो अबार्थची रास वृश्चिक होती. आईची पण वृश्चिक. तिनं त्या विंचवाला हळदकुंकू लावलं.

मग उरलेले कागद. इन्शुरन्स १४ दिवसांत आपल्या नावावर करायचा असतो, नाहीतर थर्ड पार्टी चालू राहिला तरी आपल्या गाडीच्या नुकसानीचे पैसे मिळायला अडचण येते. ३० मेला केला. नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याची सूट, गाडीचा नसतो, माणसाचा असतो, त्यामुळे जुन्या मालकाच्या बोनसचा फरक आपल्याला भरावा लागतो, माझे ४,२०० गेले. हे आधी माहीत नसेल तर धक्का बसतो.

आरटीओचं काम एजंटशिवाय केलं. विकत घेणाऱ्यानं ३० दिवसांत कळवायचं असतं. चॅसी नंबरची पेन्सिल प्रिंट हवी होती, ती मी आणि भावानं पडवीत बसून काढली. नंबरवरची धूळ ओल्या फडक्यानं पुसली, कोरडं केलं, पातळ कागद सेलोटेपनं ताणून चिकटवला आणि पेन्सिल आडवी धरून हलक्या हातानं घासत गेलो. पहिल्यांदा कागद सरकला, दुसऱ्यांदा दोन आकडे पुसट आले, तिसऱ्यांदा एकेक अक्षर काळ्यावर पांढरं उठून आलं. आरसीवरच्या नंबराशी अक्षर अन् अक्षर ताडून बघितलं. २ जूनला ओरोसला फॉर्म, आरसी, इन्शुरन्स, पीयूसी, आधार, पॅन सगळं दिलं. फी आणि कार्ड मिळून पाचशेच्या थोडं वर. ११ जूनला कागद परत आले, फॉर्म २९ वरची दादांची सही आधीच्या रेकॉर्डशी जुळत नव्हती, रेकॉर्डला इंग्रजीत होती आणि फॉर्मवर त्यांनी मराठीत केली होती. बरोबरच होतं आरटीओचं. दादांनी दुसऱ्याच दिवशी नवीन फॉर्म सही करून कुरिअर केले, पाच दिवसांनी मिळाले, १८ जूनला पुन्हा दिले. म्हणून सांगते, कोऱ्या फॉर्मचे दोन जास्तीचे सेट घेऊन जा आणि सही करताना मालकाला जुन्या कागदावरची सही समोर ठेवायला सांगा. पैसे नाही, पण सोळा दिवस मोजून हा धडा मिळाला.

त्या दिवसांत गाडीला खालून अँटी-रस्ट कोटिंग करून घेतलं, साडेसहा हजार. सर्व्हिसवाल्यानं सांगितलं की पावसाळ्यानंतर पुन्हा एकदा बघू. बसचे, जेवणाचे, तपासणीचे मिळून चौदा हजार धरले तर सगळा खर्च साडेसहा लाखांच्या वर तीन-चार हजार. बाजूला ठेवलेले पन्नास हजार पूर्ण संपले आणि वर थोडे गेले.

कार्ड आलं त्या संध्याकाळी दादांना फोटो पाठवला, त्यांनी नाव आणि चॅसी नंबर नीट बघायला सांगितलं, बघितलं, बरोबर होतं. तेवढ्यात पावसानं उघडीप दिली होती. आई पदर खोचून बाहेर आली आणि म्हणाली, "चल, निवतीक दर्यार जावया. पण येतासर खालसून गोड्या पाण्यान धुवक होयी हा." विहिरीवरचा पाइप मी आधीच पडवीपर्यंत ओढून ठेवला होता.